गोळा नाही तर गाडी नाही

बाळांनो,

परवा फोनवर तुमच्या बाबाने मला विचारलं, मागच्या खोलीतलं काकांचं लाकूड काढून टाकायचं का? शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना ती खोली भाड्याने द्यावी असं त्याच्या डोक्यात आहे. विचार चांगला आहे, मी हो म्हटलं. पण 'लाकूड' हा शब्द मला लागला. मी स्वतः त्या प्रकाराला वर्षानुवर्षं 'पसारा' म्हणत आले, कधीकधी त्याहून वाईटही म्हटलं, तरी लागला. मग पडद्यावर मधे डोकं घालून तुमच्यातल्या धाकट्याने विचारलं, "कोण काका?" तेव्हा ठरवलं की खोली रिकामी व्हायच्या आधी हे लिहून ठेवायचं. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि शाळेत मी जन्मभर इंग्रजीच शिकवलं. पण या माणसाबद्दल इंग्रजीत लिहायला घेतलं की तो फार शहाणा वाटायला लागतो. म्हणून मराठीत लिहिते. अडलात तर बाबाला विचारा. तोही अडेल.

काका म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणायची. लग्न केलं नाही. मुंबईत एका ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर एक ट्रंक आणि एक टी-स्क्वेअर घेऊन आमच्याकडे नागावला आले, ते राहिलेच. आल्या दिवशी म्हणाले, "वहिनी, माझा तुम्हाला काही त्रास होणार नाही. मला फक्त मागची खोली द्या." ती खोली मी पुस्तकांसाठी बांधून घेतली होती. खिडकीशी टेबल, तीन भिंतींना कपाटं, सगळं आखलेलं होतं. पावसाळा संपेपर्यंत माझी पुस्तकं जिन्याखाली गेली आणि खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत एक फळ्यांचा माच उभा राहिला, कमरेइतका उंच. त्यावर त्यांना त्यांचं लहानपणचं स्टेशन बांधायचं होतं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. माझे सासरे स्टेशन मास्तर होते. घर-वाडी इथली, नागावची, पण नोकरी साताऱ्याच्या बाजूला एका लहान स्टेशनवर. एकेरी रूळ, कोळशाचं इंजिन, आणि दिवसभरात इतक्या थोड्या गाड्या की मुलांना एकेक पाठ. तुमचे आजोबा थोरले, ते अभ्यास करायचे. मधली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आणि भाऊजी, ही दोघं फलाटावर बसून गाड्या बघायची. नुसती बघायची नाहीत. गाडी स्टेशनातून गेली की शेवटच्या डब्याच्या मागे लाल दिवा असतो. तो दिसला म्हणजे गाडी सगळीच्या सगळी आली, वाटेत एखादा डबा सुटून मागे राहिला नाही. हे बघणं खरं मास्तरांचं काम, पण सासऱ्यांनी ते मुलांना देऊन टाकलं होतं. दिवा दिसला की वन्सं ओरडायच्या, "पुरी आली!" मग सासरे हातातलं काम पुढे चालू करायचे.

दुसरी गोष्ट गोळ्याची. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून मास्तर ड्रायव्हरला एक धातूचा गोळा द्यायचे, वेताच्या कड्यात अडकवून. ज्याच्याकडे गोळा त्याचा रस्ता. पुढच्या स्टेशनला तो परत द्यायचा. गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर जागचा हलणार नाही, मग गाडीत कोणी का बसलेलं असेना. "गोळा नाही तर गाडी नाही" हे वाक्य आमच्या सासरी इतक्या वेळा ऐकलंय की मला वाटायचं ते जेवणाआधी म्हणायचा श्लोक आहे.

आपल्या अलिबागकडे रेल्वे नाही. येणार, येणार असं मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. भाऊजींनी वाट न बघता ती मागच्या खोलीत आणली, आणि माझ्या घरातल्या वस्तू वापरून आणली. तारेचे खांब हवेत म्हणून माझ्या खराट्याचे हीर गेले. खराटा दिवसेंदिवस बारीक होत चालला तसं मी मोलकरणीला बोलले, तिने मला हाताला धरून मागच्या खोलीत नेऊन दाखवलं. रुळांखालची खडी म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, माझ्या पुरणाच्या चाळणीतून चाळलेली. कोळसा बंबातला. झाडांसाठी त्यांनी आक्षीच्या किनाऱ्यावरून समुद्री शेवाळ आणून वाळवलं. ते वाळलं, पण त्याचा वास वाळला नाही. पंधरा दिवस वाडीतली सगळी मांजरं खिडकीत बसून होती. मी म्हटलं, भाऊजी, साताऱ्याकडे समुद्र कधी आला? ते म्हणाले, "वास दिसत नाही, वहिनी."

इंजिन आणि डबे तेवढे मुंबईहून कुणाकडून तरी जुने विकत आणलेले. गाडी एकच, एक मालगाडी. शेवटी गार्डचा डबा आणि त्याच्या मागे मुगाच्या दाण्याएवढा लाल दिवा, तो खरंच लागायचा. समुद्राच्या हवेने रूळ रात्रीत काळे पडायचे, म्हणून सकाळी उठून दात घासायच्या आधी रूळ पुसणं. तोपर्यंत चहा गार. पुन्हा गरम करायचा मी.

गाडी एकच आहे म्हटलं ना, आता ऐका. ही एकुलती एक मालगाडी स्टेशनात येऊन बाजूच्या रुळावर थांबायची. कशासाठी? समोरून येणाऱ्या मेलला वाट द्यायला. मेल नव्हतीच. खोलीत तिचा एक डबासुद्धा नव्हता. पण मालगाडी मेलसाठी थांबते हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं होतं, तेव्हा थांबणारच. भाऊजी स्टुलावर बसून राहायचे. मी जेवायला हाक मारायची. "क्रॉसिंग आहे, वहिनी." मी म्हणायची, कसलं क्रॉसिंग, आमटी निवतेय. "मेल लेट आहे." तुमचे आजोबा पेपरामागून म्हणायचे, "येऊ दे गं मेल, मग वाढ." दोघा भावांचं माझ्याविरुद्ध असं एक होतं.

एकदा मासे घेऊन येणारी बाई मागच्या दाराशी आली, तिला खिडकीतून हे दिसलं. टोपली खाली ठेवून ती म्हणाली, "बाय, तुमचे दीर यवरे वयान गारीशी खेलतान?" भाऊजींना ते ऐकू गेलं. त्यांनी तिला आदराने आत बोलावलं, स्टूल दिलं आणि गाडी आत्ता निघेल म्हणून सांगितलं. ती बसली. मालगाडी उभी. बाई उभ्या मालगाडीकडे बघतेय, भाऊजी भिंतीकडे बघतायत, मी टोपलीतल्या बोंबलांकडे बघतेय. शेवटी ती उठली, म्हणाली, "त्यापरीस माजी येष्टी बरी," आणि गेली. भाऊजींना जराही वाईट वाटलं नाही. मला म्हणाले, बाईंना घाई होती.

आणि या गाडीलाही गोळा लागायचाच. धातूचा मिळाला नाही म्हणून भाऊजींनी आपल्या वाडीतली एक रोठा सुपारी निवडली. चांगली गोल, जड. ती त्यांनी धोतराच्या तुकड्याने महिनोन्महिने घासून गुळगुळीत केली आणि बांगडीएवढं वेताचं कडं करून त्यात बसवली. स्टेशनाच्या बाजूला पितळेची एक छोटी वाटी होती. सुपारी वाटीत ठेवली की खालची स्प्रिंग दबायची आणि रुळात वीज यायची. सुपारी नसेल तर वीज नाही. मी नंतर एकदा, ते बाजारात गेलेले असताना, वाटीत जायफळ ठेवून पाहिलं. गाडी छान चालली. पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. ते त्यांना माहीत होतं.

आता वन्संचं सांगते. त्या बडोद्याला असायच्या. त्यांच्या डोळ्यांचं असं झालं होतं की समोरचं मधलं दिसेनासं झालं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. एखादी गोष्ट बघायची तर तोंड दुसरीकडे फिरवून बघायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हेही फार दिवस राहणार नाही. त्यांनी फोन केला की मला एकदा ती गाडी बघायची आहे. श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण असतो, त्याला या, असं ठरलं. भाचा मुंबईहून रो-रो बोटीवर गाडी घालून त्यांना मांडव्याला घेऊन आला, आणि त्याने लगेच सांगून टाकलं की उद्या सकाळच्या बोटीने परत. म्हणजे पूजा, जेवणं, आणि मग दुपारी गाडी. तेवढाच वेळ होता.

भाऊजी त्या दिवशी घरभर पायरव न करता फिरत होते. सकाळीच त्यांनी गोळा कड्यासकट वन्संच्या हातात दिला. म्हणाले, "ताई, आज मास्तर तू. तू देशील तेव्हा गाडी निघेल." वन्संनी तो घेतला आणि पूजेच्या वेळी चौरंगाच्या बाजूला खुर्चीत गोळा मांडीवर घेऊन बसल्या.

पूजेची तयारी माझी. माझ्या तयारीत कधी काही कमी पडत नाही हे तुम्ही तुमच्या आईला विचारू शकता. सुपाऱ्या मोजून ठेवल्या होत्या. पण भटजी तांदळावर नवग्रह मांडत असताना एक सुपारी घरंगळली ती कपाटाखाली गेली. मी आणि आजोबा पूजेला बसलेलो, उपरण्याला गाठ मारलेली, उठता येत नाही. भटजी म्हणाले, "एक सुपारी कमी पडतेय, कुणी देतं का?" सुपारीच्या वाडीतलं घर, पोत्याने सुपारी पडलेली. पण वन्सं अगदी जवळ होत्या आणि त्यांच्या बोटांत सुपारी होती. "ही घ्या," म्हणून त्यांनी कड्यातून काढून दिली. भटजींनी तिला हळदकुंकू वाहिलं. शेवटचा ग्रह राहिला होता. गोळा केतू झाला.

मी हे पाहिलं. पण त्या क्षणी माझं लक्ष समईतल्या तेलाकडे होतं, आणि सुपारी ती सुपारी, असं माझ्यासारख्या बाईला वाटलं तर त्यात काय नवल?

जेवणं झाली. भटजी तांदूळ, नारळ आणि सुपाऱ्या पिशवीत भरून स्कूटरवरून गेले. भाऊजींनी पांढरा सदरा घातला आणि सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. वन्सं स्टुलावर बसल्या, कडं पुढे केलं. कडं रिकामं.

मी म्हटलं, थांबा. आतून सुपारीचा डबा आणला आणि त्यांच्यासमोर उघडला. भाऊजींनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "वहिनी, या सुपाऱ्या आहेत."

"मग ती काय होती?"

"गोळा."

मी म्हटलं, भाऊजी, तुमची बहीण इतक्या लांबून आली आहे, उद्या जाणार आहे, पुन्हा आली तरी तिला काही दिसायचं नाही. आज एक दिवस दुसरी सुपारी ठेवा. ते स्टेशनाच्या छपराकडे बघत राहिले. मग मी वन्संकडे वळले, म्हटलं, तुम्ही तरी सांगा यांना. आणि वन्सं काय म्हणाल्या असतील? "त्याचं बरोबर आहे, वहिनी. गोळा नाही तर गाडी नाही."

मला इतका संताप आला की मी चपला घातल्या.

रिक्षा करून चौलला गेले. भटजींची अजून एक पूजा उरकायची होती, ती होईपर्यंत मी त्यांच्या ओट्यावर बसून राहिले. ते आले तेव्हा उन्हं कलली होती. मी म्हटलं, आमच्याकडची एक सुपारी परत हवी आहे. ते म्हणाले, "काकू, विसर्जन झालंय. आता नुसत्या सुपाऱ्या त्या. हव्या तेवढ्या न्या." मी म्हटलं, हव्या तेवढ्या नकोत, एकच हवी. "कोणता ग्रह?" मी म्हटलं, केतू. त्यांनी चष्मा वर केला. "काकू, केतूला कोण घरी परत नेतं?"

त्यांनी पिशवी आणली. त्यात दिवसभरातल्या सगळ्या घरांच्या सुपाऱ्या एकत्र होत्या. सगळ्यांना हळद, सगळ्यांना कुंकू. मी पिशवीच घेऊन आले.

भाऊजींनी सुपाऱ्या धुऊन ताटात ओतल्या आणि खिडकीशी उजेडात धरल्या. एक उचलायचे, फिरवायचे, ठेवायचे. दुसरी उचलायचे. मी दाराशी उभी होते. बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, रिक्षात सगळं तयार करून आणलं होतं. पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की त्यांना ओळखता येत नाहीये. त्यांनी त्या सुपारीवर कधी खूण केली नव्हती. खूण केली तर ती खंडित होते, म्हणायचे. इतके महिने घासलेली, रोज हातात घेतलेली, आणि ताटात सगळ्या सारख्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि मग नुसतेच बसले. सदऱ्याच्या पांढऱ्या बाहीला कुंकू लागलं होतं.

वन्सं म्हणाल्या, "आण ते ताट इकडे."

ताट मांडीवर घेतलं. तोंड खिडकीकडे. बोटांनी एकेक सुपारी चाचपून बाजूला सारू लागल्या. घाई नाही, काही नाही. एका सुपारीवर बोटं थांबली, तळहातावर घेऊन त्यांनी ती तोलल्यासारखी केली. म्हणाल्या, "हा."

"नक्की, ताई?"

"सकाळपासून माझ्याच हातात होता ना रे?"

भाऊजींनी तो कड्यात बसवला, पुन्हा त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो परत भाऊजींना दिला, इतकं सगळं रीतसर. मग वाटीत ठेवला. मालगाडी निघाली. एक फेरी घेऊन आली आणि स्टेशनात बाजूच्या रुळावर उभी राहिली.

मी डोक्याला हात लावला. आजोबा हळूच म्हणाले, "आता काही बोलू नकोस." भाचा घड्याळ बघत होता. वन्संनी विचारलं, "मेल किती लेट?" भाऊजी म्हणाले, "येईलच." आणि ती दोघं म्हातारी भावंडं, एकाचं तोंड रुळाकडे, एकीचं भिंतीकडे, नसलेल्या मेलची वाट बघत बसली. बाहेर अंधारून आलं. दिवा लावायला मी हात पुढे केला तर वन्सं म्हणाल्या, नको, असंच बरं दिसतंय.

मग भाऊजींनी मान हलवली, म्हणजे मेल गेली असणार. मालगाडी हलली. त्या अंधारात इंजिन दिसेना, डबे दिसेनात, फक्त शेवटी तो लाल दाणा वळणावरून सरकत गेला.

"पुरी आली," वन्सं म्हणाल्या.

रोज गाडी थांबवल्यावर भाऊजी बटण बंद करून क्षणभर तसेच उभे राहायचे. मला वाटायचं, आता मी जेवायला हाक मारायची म्हणून थांबतात. त्या दिवशी कळलं ते कशासाठी थांबत होते. इतकी वर्षं आमच्या घरात ते कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मांडव्याला मी त्यांना पोहोचवायला गेले. भाचा गाडी बोटीत घालत होता. मी विचारलं, वन्सं, तुम्ही ओळखली कशी हो? त्या धक्क्याच्या खांबाकडे तोंड करून माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मला कुठली ओळखायला येते? सगळ्या सारख्याच होत्या. तो जन्मभर थांबला असता, आणि मला सकाळची बोट होती." मग म्हणाल्या, लहानपणी मेल उशिरा असली की हा झोपायचा नाही, रडायचा. मीच सांगायचे, आली रे, पुरी आली. मग झोपायचा.

बाकीच्या सुपाऱ्या मी भटजींना परत केल्या. खरी त्यात असेल तर एव्हाना कुणाच्या तरी पानात गेली असेल.

भाऊजींना मी हे सांगितलं नाही. पण मला चैन पडेना. एकदा ते रूळ पुसत असताना मी त्यांना म्हटलं, भाऊजी, ती सुपारी नक्की तीच आहे ना? तोवर वन्संना कडेचंही दिसेनासं झालं होतं. भाऊजींनी वर न बघता सांगितलं, "ताईनं बघून दिलीय, वहिनी."

मी चहा पुन्हा गरम करायला गेले.

ते जाऊन आता काही वर्षं झाली, वन्संही गेल्या, तुमचे आजोबाही. फळ्यांना वाळवी लागली, रूळ गंजले, शेवाळाची झाडं मागच्या पावसात कुजली. सुतार सोमवारी येणार आहे. गार्डचा डबा आणि सुपारी मी काढून ठेवली आहे. ती माझ्या कपाटात डावीकडच्या वरच्या खणात एका डबीत आहेत, डबीवर काकांचं नाव लिहिलेलं आहे, आणि डब्याचा दिवा अजून लागतो.